साइट नसलेल्या रिकर्व्ह धनुष्यावर नेम कसा बसवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइट (नेम धरायची खूण), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा), क्लिकर (ओढ पुरी झाली की टक् वाजणारी पट्टी) यांपैकी काहीही न लावता साधं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य चालवणाऱ्या मुंबई-ठाण्यातल्या मंडळींसाठी हे पान आहे. मैदानावर, क्लासनंतरच्या टपरीवर आणि लोकलमध्ये खांद्यावरची लांबट पिशवी बघून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच क्रम आहे, तो आधीच सांगते. बाण आधी एका जागी जमवायचे, मग ती जागा मध्यावर न्यायची. हा क्रम उलटा केला की वर्षं वाया जातात.

साइटच नाही, तर नेम धरायचा कशावर?

बाणाच्या टोकावर. ओढलेला बाण तुमच्या डोळ्याच्या थेट खाली असतो. त्याचं मागचं टोक गालाशी आणि पुढचं टोक लक्ष्याच्या दिशेला. नजर लक्ष्यावर ठेवलीत तरी पुढचं टोक खालच्या बाजूला धूसर दिसत राहतं. ते टोक लक्ष्यापासून किती खाली किंवा वर दिसतंय, हीच तुमची साइट.

आता टोक लक्ष्यावर ठेवून सरळ का मारता येत नाही, ते बघू. ४० पाउंडाच्या, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या धनुष्यातून सुटलेला बाण ढोबळमानाने सेकंदाला ५० मीटर जातो असं धरा. १८ मीटर पार करायला त्याला सुमारे ०.३६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो ६० सेंटीमीटरहून जास्त खाली येतो. ३० मीटरवर हीच घसरण पावणेदोन मीटरच्या आसपास जाते. म्हणून बाण नेहमी थोडा वर तोंड करूनच निघावा लागतो. शिवाय बाणाची शेपटी डोळ्याच्या खाली असते. त्यामुळे टोक लक्ष्यावर ठेवलं की बाण प्रत्यक्षात चांगलाच वर रोखलेला असतो आणि जवळच्या अंतरावर तो लक्ष्याच्या वरून जातो.

ज्या एका अंतरावर हा चढ आणि ही घसरण एकमेकांना फेडतात, तिथे टोक मध्यावर ठेवलं की बाणही मध्यावर लागतो. त्या अंतराला पॉइंट ऑन म्हणतात. प्रत्येकाचं पॉइंट ऑन वेगळं असतं, कारण धनुष्य, बाणाची लांबी आणि चेहऱ्याची ठेवण वेगळी असते.

माझे बाण टार्गेटभर विखुरतात. गॅप, इन्स्टिंक्टिव्ह, स्ट्रिंग वॉकिंग यातली कोणती पद्धत घेऊ?

अजून कोणतीच नको. विखुरलेले बाण हा नेमाचा दोष नसतो, तो अँकरचा असतो. म्हणजे दोरी ओढून हात चेहऱ्यावर जिथे टेकतो, ती जागा दरवेळी बदलते आहे.

याचं गणित एकदा समजून घ्या, मग आरशासमोर उभं राहायचा कंटाळा येणार नाही. बाणाची शेपटी तुमच्या चेहऱ्यावर ३ मिलीमीटर वर किंवा खाली सरकली आणि बाण साधारण ७५ सेंटीमीटरचा असला, तर १८ मीटरवर तो फरक ७ सेंटीमीटरच्या पुढे जातो. १८ मीटरला वापरतात त्या ४० सेंटीमीटरच्या फेसवर (रिंगा छापलेल्या कागदावर) एकेक रिंग २ सेंटीमीटरची असते. म्हणजे चेहऱ्यावरचे ३ मिलीमीटर तिथे साडेतीन रिंगांना महाग पडतात. तुमच्या डोळ्याने टोक कितीही नेमकं ठेवलं तरी हे नुकसान भरून निघत नाही, कारण चूक डोळ्यामागे, गालावर झालेली असते.

अशा वेळी फेस काढून ठेवा. बटपासून, म्हणजे बाण रुतवायच्या जाड ठोकळ्यापासून, दोन-तीन मीटरवर उभे राहा आणि कोऱ्या बटवर मारा. नेम धरायचाच नाही. फक्त हात दरवेळी त्याच जागी येतो का आणि सुटल्यावर कुठे जातो, एवढंच जाणवून घ्यायचं. डोळे मिटूनही करता येतं, मात्र इतक्या जवळून आणि शेजारी कुणीतरी उभं असतानाच. कंटाळवाणं आहे, तरी दुसरा कुठलाही सराव इतका फायदा देत नाही.

मग अँकर नेमका कुठे घ्यायचा?

हाडावर किंवा दातावर, मऊ गालावर नाही. मऊ जागा दाबली जाते, हाड हलत नाही. तर्जनी किंवा मधलं बोट ओठांच्या कोपऱ्याशी, आतून सुळा जाणवेल असं टेकवतात. तर्जनीऐवजी मधलं बोट लावलं की बाण डोळ्याच्या अधिक जवळ येतो. दोन्ही चालतात; एक ठरवा आणि त्यालाच धरून राहा.

एका स्पर्शावर विसंबू नका, दुसरी खूण जोडा. बाणाच्या तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचं पीस पूर्ण ओढल्यावर नाकाच्या शेंड्याला हलकेच लागतं का बघा. ज्यांचं लागतं, त्यांना ही आयती खूण मिळते. पीस नाकापर्यंत पोचत नसेल तर अंगठ्याचा सांधा जबड्याच्या मागच्या कोनाला टेकवून बघा.

आणि दात. मागचे दात एकमेकांवर अलगद टेकलेले ठेवा. तोंड जरा उघडं राहिलं की जबडा खाली येतो, त्याबरोबर हात आणि बाणाची शेपटीही, आणि बाण वर जातो. एंडमधला (एका फेरीत मारलेल्या बाणांमधला) एखादा बाण कारण नसताना वर लागला, तर आधी हे तपासा.

एक बोट वर, दोन खाली धरू, की तिन्ही बोटं बाणाखाली?

लक्ष्य १० ते २० मीटरवर असेल तर तिन्ही खाली. बाण डोळ्याच्या जवळ येतो, टोक आणि लक्ष्य यांच्यातलं अंतर कमी होतं आणि ताळा बसवायला सोपं जातं. ढोबळमानाने, विभागलेल्या बोटांनी पॉइंट ऑन ४०-५० मीटरच्या आसपास पडतं आणि तिन्ही खाली धरल्यावर ३०च्या आसपास येतं. मुंबईत बहुतेकांना रोज १८ मीटरच मिळतात. तिथे याचा उपयोग होतो.

पकड बदलली की नॉकिंग पॉइंटही (दोरीवर बाण अडकवायची खूण) पुन्हा बसवावा लागतो, हे मात्र विसरू नका.

अंगठ्याने दोरी ओढली तर?

ती आशियाई घोडेस्वारी धनुष्यांची पद्धत आहे. त्यात अंगठ्यात कडं घालतात आणि बाण धनुष्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवतात. शेल्फ, म्हणजे बाण टेकवायचा कट्टा असलेल्या रिकर्व्हवर ती जमत नाही.

इन्स्टिंक्टिव्ह शूटिंग खरंच असतं की नुसती गोष्ट?

असतं, पण त्यात जादू काही नाही. हजारो बाणांनंतर मेंदू टोक आणि लक्ष्य यांच्यातलं अंतर स्वतःच धरायला शिकतो आणि तुम्हाला ते जाणवत नाही. रोज जागा बदलून, वेगवेगळ्या अंतरांवरून भरपूर मारायला मिळालं तर हे सुंदर जमतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, तीही एकाच लाइनवरून मारणाऱ्याला ते जमायला फार वेळ लागतो. मधल्या काळात प्रगती होतेय की नाही, हेही कळत नाही.

म्हणून मुंबईतल्या नव्या माणसाला माझा सल्ला गॅप पद्धतीचा, म्हणजे टोक लक्ष्यापासून किती खाली धरायचं ते मोजून ठरवण्याचा. त्यात आकडा हाती असतो. बिघडलं तर काय बिघडलं ते सांगता येतं. पुढे तोच आकडा मुरत मुरत आपोआप होतो.

गॅप मोजायचा कसा?

बाण एका ताटलीएवढ्या जागेत जमायला लागल्यावरच मोजा, आधी नाही. लागेल काय? मोजपट्टी, रंगीत चिकटपट्टीचा तुकडा आणि वही.

बरेच जण टोक मध्यावर ठेवून बाण किती वर लागतो ते मोजतात. छोट्या जागेत ते धोक्याचं आहे, कारण बाण बटच्या वरून निघून जाईल. त्याऐवजी चिकटपट्टीचा तुकडा बटच्या अगदी खालच्या कडेला लावा. १० मीटरवर उभे राहा, प्रत्येक बाणाला टोक त्या तुकड्यावर ठेवा आणि चार-पाच बाण मारा. तुकड्यापासून बाणांच्या घोळक्याच्या मध्यापर्यंतची उभी उंची मोजा. हा तुमचा १० मीटरचा गॅप. मग १२, १५, १८ असं मागे जा. सगळं एकाच दिवशी उरकू नका. थकलेल्या हाताने मोजलेला गॅप खोटा निघतो.

आकडे लिहिल्यावर एक गोष्ट दिसेल आणि बहुतेकांना ती चक्रावते. मागे जाल तसा गॅप आधी वाढतो. पॉइंट ऑनच्या साधारण निम्म्या अंतरावर तो सगळ्यात मोठा होतो, मग कमी कमी होत पॉइंट ऑनला शून्यावर येतो. त्यापुढे टोक लक्ष्याच्या वर धरावं लागतं. त्यामुळे ज्याचं पॉइंट ऑन ३६ मीटरवर आहे, त्याचा सर्वात मोठा गॅप १८ मीटरवरच पडतो. हे मोजमापातलं चुकणं नाही, पण त्या अंतरावर मारणं अवघड का वाटतं, ते यातून कळतं.

गॅप मनात सेंटीमीटरमध्ये धरायची गरज नाही. ‘टोक निळ्या रिंगच्या खालच्या कडेला’, ‘टोक बटच्या पायाशी’ असं डोळ्याला दिसणारं काहीतरी ठरवा.

स्ट्रिंग वॉकिंग सोपं आहे म्हणतात?

एका अर्थी आहे. तिन्ही बोटं बाणाखाली ठेवून, अंतरानुसार दोरीवर आणखी खाली सरकायचं, म्हणजे प्रत्येक अंतरावर टोक थेट मध्यावर ठेवता येतं. टॅबच्या (बोटांवर घालायच्या चामड्याच्या) शिवणीचे टाके मोजून किती खाली जायचं ते ठरवतात. बेअरबो या साइटशिवायच्या स्पर्धा-प्रकारात याला परवानगी आहे.

पण बोटं खूप खाली गेली की वरचं आणि खालचं लिंब (धनुष्याचे वाकणारे बाहू) यांच्यातला तोल बिघडतो, धनुष्य आवाज करतं आणि बाण डोलत जातो. लाकडी एकसंध धनुष्यावर मी हे सुचवत नाही. बेअरबोसाठी जुळवून घेतलेल्या धातूच्या रायझरवर (मुठीच्या मधल्या भागावर) करा.

नजर कुठे ठेवायची? टोकावर की लक्ष्यावर? अर्जुनासारखं फक्त डोळाच दिसायला हवा का?

नजर लक्ष्यावर, टोक धूसर. त्या पक्ष्याच्या गोष्टीतलं निम्मं इथे अगदी बरोबर बसतं: अख्ख्या पिवळ्या गोलाकडे बघू नका, त्यातला एखादा जुना छिद्राचा ठिपका पकडा. नजर जितकी बारीक जागा धरेल, तितकं टोकाचं डगमगणं कमी होतं. नजर टोकावर गेली की लक्ष्य धूसर होतं आणि हात टोक सावरायला लागतो. ते सावरणं कधी संपत नाही. टोक थोडं तरंगणारच. तरंगू द्या आणि पाठीची ओढ चालू ठेवा.

माझा उजवा हात चालतो, पण नजर डावी आहे. काय करू?

आधी खात्री करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहान छिद्र करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. छिद्र ज्या डोळ्याशी येतं, तो तुमचा प्रमुख डोळा.

नवे असाल तर डोळ्याच्या बाजूने धनुष्य घ्या, म्हणजे डाव्या हाताने ओढायला शिका. सुरुवातीचे काही आठवडे विचित्र वाटतं, मग हात रुळतो. जुने असाल आणि बदलणं शक्य नसेल, तर डावा डोळा अर्धवट मिटून किंवा चष्म्याच्या काचेवर टेप लावून काम भागतं.

बाण सारखे डावीकडे जातात.

चार शक्यता बघा, याच क्रमाने.

सुटताना हात चेहऱ्यापासून बाहेर झटकला जातो. हे सर्वात जास्त दिसतं. बोटं दोरी सोडत नाहीत, उपटतात. मोबाइलवर पाठीमागून व्हिडिओ काढा. सुटल्यावर हात गालाला घासत कानाकडे गेला पाहिजे. बाहेर हवेत गेला तर दोष तिथेच आहे.

अँकर गालापासून सुटा तरंगतोय. शेपटी डोळ्याच्या उजवीकडे राहिली आणि टोक लक्ष्यासमोर असलं, की बाण डावीकडेच रोखलेला असतो. यावर दोरीची धूसर सावली उपयोगी पडते. पूर्ण ओढल्यावर दोरी डोळ्यासमोर पुसट दिसते. ती रायझरच्या एकाच कडेवर दरवेळी येते का, ते बघत जा.

धनुष्याची मूठ आवळून धरली आहे. धनुष्य हातात धरायचं नसतं, हातावर टेकवायचं असतं. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचकीत ते बसवा. दाब तळहाताच्या आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला असावा आणि बोटांची हाडं साधारण ४५ अंशांत कललेली असावीत. सुटल्यावर धनुष्य पडेल अशी भीती वाटते, म्हणून लोक आवळतात. बोटात अडकवायची दोरी, म्हणजे फिंगर स्लिंग, वापरली की ही भीती जाते. जुनी बुटाची नाडी पुरते.

हे तिन्ही ठीक असूनही बाण डावीकडेच जात असतील, तर बाण कडक आहे. स्पाइनचा प्रश्न खाली आहे.

आणि वर-खाली?

खाली लागणारा बाण बहुतेक वेळा कमी ओढलेला असतो. नेम धरता धरता पाठ ढिली पडते, हात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर पुढे येतो आणि मग सुटतो. एक इंच कमी ओढलं की दोन-अडीच पाउंड ताकद जाते. वर लागणाऱ्या बाणाची कारणं म्हणजे उघडं तोंड, मानेला आलेली उचल किंवा तळहाताच्या टाचेने धनुष्याला दिलेला धक्का.

रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, सुधारायचा कसा?

रिलीजवर काम करून नाही, पाठीवर काम करून. दोरी अँकरला आल्यावर ओढ थांबत नाही. उजव्या खांद्याचं पातं मणक्याकडे सरकत राहतं, कोपर मागे आणि किंचित पाठीमागून फिरत राहतं, आणि त्यातच बोटं ढिली होतात. ती उघडायची नसतात, त्यांनी धरणं बंद करायचं असतं. बोटं झटकून उघडली की दोरीला बाजूचा धक्का बसतो.

बाण टार्गेटला लागल्याचा आवाज येईपर्यंत दोन्ही हात जिथे आहेत तिथेच ठेवा. बाण कुठे गेला ते बघायला मान काढली की पुढचा बाण बिघडतो.

किती पाउंडाचं धनुष्य घेऊ? मी व्यायाम करतो, ४५ झेपेल.

झेपेल, पण नेम बसणार नाही. जिममधली ताकद आणि पूर्ण ओढून चार-पाच सेकंद शांत थांबायची ताकद, या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रौढ माणसाने २० ते २६ पाउंडावर सुरुवात करावी. लिंब बदलता येणारं, म्हणजे टेकडाउन धनुष्य घेतलंत तर रायझर तोच राहतो आणि पाउंड वाढवता येतात.

लिंबावर लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. तुमची ओढ २६ इंच असेल तर हातात येणारं वजन त्याहून कमी असतं. ओढीचा अंदाज हवा असेल तर दोन्ही हात पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा आणि २.५ने भागा.

परीक्षा सोपी आहे. पूर्ण ओढून, बाण न सोडता, १५-२० सेकंद थांबा आणि हळू परत आणा. हात थरथरला तर धनुष्य जड आहे. दोरी कधीही बाणाशिवाय सोडू नका, लिंब फुटतात.

स्पाइन म्हणजे काय? कोणताही बाण चालत नाही का?

नाही चालत, आणि नेम बिघडवणारं हे दुसरं मोठं कारण आहे.

दोरी सुटताच बाण वाकतो आणि वळवळत धनुष्याच्या कडेने निघतो. किती वाकतो, ते त्याच्या कडकपणावर ठरतं. २८ इंचांच्या अंतरावर टेकवलेल्या बाणाच्या मध्यावर सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगलं आणि तो अर्धा इंच झुकला, तर त्याचं स्पाइन ५००. आकडा मोठा तर बाण नरम. बाण लांब असला किंवा टोकाला जड पॉइंट लावला, की तोच बाण अधिक नरमासारखा वागतो.

जुळतो का ते कळण्यासाठी एका-दोन बाणांची पिसं काढून टाका. पिसांचे बाण आणि बिनपिसांचे बाण १५-१८ मीटरवरून आळीपाळीने मारा. बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर तो कडक आहे, उजवीकडे लागला तर नरम. कडकाला जड पॉइंट लावा. नरमाला हलका पॉइंट लावा, किंवा मागून थोडा थोडा कापा. एकदम इंचभर कापू नका. कापलेला बाण परत लांब होत नाही. बिनपिसांचा बाण इतरांच्या वर लागला तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, थोडा वर घ्या. मात्र बाण जमत नसताना ही चाचणी करण्यात अर्थ नाही. ती धनुष्याबद्दल काही सांगत नाही, फक्त हाताबद्दल सांगते.

कार्बनचे बाण मारण्याआधी दरवेळी वाकवून आणि पिळून बघा. बारीक करकर ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडून टाका. भेगाळलेला कार्बन सुटताना फाटला, तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, किती ठेवू?

बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत, जिथे धनुष्य सगळ्यात कमी आवाज करेल तिथे. ६२ इंची धनुष्याला बहुधा साडेसात-आठ इंच जमतात. दोरीला पीळ दिला की वाढते, पीळ काढला की कमी होते. नवी दोरी ताणली जाते, म्हणून पहिले काही दिवस रोज मोजा. नॉकिंग पॉइंट काटकोनापासून साधारण तीन-अष्टमांश ते अर्धा इंच वर ठेवून सुरुवात करा.

टोक लक्ष्याखालीच अडकतं, वर जातच नाही. किंवा लक्ष्यावर आलं की हात आपोआप सोडून देतो. मी घाबरट आहे का?

अजिबात नाही. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि चांगल्या चांगल्या धनुर्धरांना होतं. पक्की सवय लागलेल्या माणसालाच ते गाठतं. डोळ्याला टोक आणि लक्ष्य एकत्र दिसलं की बोटांनी सोडायचं, असं मेंदूत घट्ट बसलेलं असतं. हळूहळू मेंदू ते एकत्र यायच्या आधीच सोडू लागतो, किंवा सुटेल या धाकाने टोकच खाली अडवून ठेवतो. ‘लक्ष दे’, ‘धीर धर’ असं सांगून हे जात नाही. मागे उभं राहून ओरडणाऱ्याने तर ते आणखी बळावतं.

उपाय म्हणजे दिसणं आणि सोडणं यांची गाठ सोडवणं. आधी पुन्हा कोरा बट, दोन-तीन मीटर, फक्त ओढ आणि सुटणं. मग फेस लावा आणि १० मीटरवरून पूर्ण ओढून टोक ठरल्या जागी आणा, तीन सेकंद राहा आणि न सोडता परत आणा. असं सलग पाच-सहा वेळा. मग एक बाण खरा मारा, पुन्हा परत आणणं. मेंदूला पटायला हवं की टोक जागेवर आलं तरी सोडायचं की नाही हे तुमच्या हातात आहे.

हे आठवड्याभराचं काम नाही. या काळात स्कोअर लिहू नका आणि स्पर्धेला उतरू नका. पाउंड जास्त असतील तर हलकी लिंब लावा. जड धनुष्य हे या त्रासामागचं नेहमीचं कारण असतं. परत आला तर पुन्हा कोऱ्या बटवर जा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

वन रूम किचनमध्ये राहतो. घरी काय करता येईल?

बरंच. आरशासमोर रबर बँडने ओढ आणि अँकर. धनुष्य पूर्ण ओढून २० सेकंद थांबणं, मग मिनिटभर विश्रांती. हे करताना बाण लावायचा नाही आणि दोरी सोडायची नाही. जुन्या चिंध्या ठासून भरलेली गोणी दोन मीटरवर ठेवून कमी पाउंडावर मारता येतं, पण मागे पक्की भिंत हवी, दार-खिडकी नको आणि घरातलं कुणी मध्ये येणार नाही अशी वेळ हवी.

बिल्डिंगच्या गच्चीवर?

नाही. ४० पाउंडाच्या धनुष्यातून चुकून वर गेलेला बाण दीडशे मीटरच्या पुढे सहज जातो. तेवढ्यात मुंबईत दोन इमारती आणि एक रस्ता येतो. क्रिकेट चालू असलेल्या मोकळ्या मैदानावरही नाही. आणि पक्ष्या-प्राण्यांवर कधीच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे.

पावसाळ्यात पिसं चपटी होतात, नेम बिघडतो.

शेल्फवरून मारायचं तर पिसंच हवीत, प्लॅस्टिकची व्हेन शेल्फला आपटून बाण उडवते. चपटं झालेलं पीस किटलीच्या वाफेवर काही क्षण धरून बाण बोटांत फिरवा, ते पुन्हा उभं राहतं. लाकडी बाण दमट हवेत वाकतात. मारायच्या आधी टेबलावरून लोळवून बघा. चामड्याचा टॅब घामाने ओला झाला की दोरी त्यावर चिकटते आणि रिलीज बिघडतो. जून ते सप्टेंबर दोन टॅब ठेवा, एक वाळेपर्यंत दुसरा. दोरीला मेण लावत राहा. धनुष्य बंद गाडीत ठेवू नका, उन्हात लिंबांचे थर सुटतात.

समुद्राकडचा वारा?

दुपारी पश्चिमेचा वारा वाढतो आणि मोठ्या पिसांचा बाण तो लगेच पकडतो. ३० मीटरवर गॅप मोजायचा असेल तर सकाळी लवकर मोजा. वाऱ्यात मारताना टोक बाजूला धरा आणि बाकी काही बदलू नका.

लोकलने नेता येतं का?

टेकडाउन असेल तर सुटसुटीत पिशवीत मावतं. ६२ इंची एकसंध धनुष्य म्हणजे दीड मीटरहून जास्त लांबी. ते गर्दीच्या वेळी नेऊ नका, लिंब दबतात. बाण झाकण असलेल्या नळीत ठेवा. क्लबचं ओळखपत्र सोबत असू द्या.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला साइटशिवाय शिकवावं का?

सुरुवात साइटशिवाय केली तर अँकर पक्का होतो. १० ते १६ पाउंड, ५-७ मीटर, मोठा फेस. कंटाळली की थांबवा. पुढे तिला काय आवडेल ते ती ठरवेल. टोकियो ऑलिंपिकमध्ये साताऱ्याचा प्रवीण जाधव रिकर्व्ह घेऊन उतरला. २०२३च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडमध्ये (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात) वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. धनुष्याचे प्रकार वेगळे असले, तरी पाठीची ओढ आणि चेहऱ्यावरची पक्की जागा सगळीकडे लागते.

साध्या धनुष्यासाठी स्पर्धा असतात का?

बेअरबो हा जागतिक तिरंदाजी संघटनेने मान्य केलेला प्रकार आहे. बाहेर ५० मीटरवर १२२ सेंटीमीटरचा फेस, आत १८ मीटरवर ४० सेंटीमीटरचा. त्यात वजन लावता येतं, पण दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटीमीटरच्या कड्यातून पार जावं लागतं.

एका वेळी किती बाण मारावेत?

हात ताजा आहे तोवर. बहुतेकांना ६० ते १०० बाण पुरतात. तीन-तीन बाणांचे एंड घ्या, म्हणजे प्रत्येक बाण आठवतो. अंतर तेव्हाच वाढवा, जेव्हा सलग काही एंड तळहाताएवढ्या जागेत बसतात. शेवटचे बाण विखुरायला लागले, तर ‘एक चांगला एंड मारून जातो’ म्हणत थांबू नका, दोरी उतरवा.

दोन महिने सुटलं. परत आल्यावर गॅपचे जुने आकडे चालतील?

चालणार नाहीत. ओढ थोडी कमी झालेली असते, दोरीही बदललेली असू शकते. आधी ब्रेस हाइट मोजा. पहिल्या दिवशी फक्त कोरा बट. दुसऱ्या वेळी १० मीटर, फेस लावून, जुन्या आकड्याने. बाण एकत्र जमतायत पण खाली लागतायत, असं दिसलं तर आकडा बदलू नका. ओढ परत यायला दोन-तीन आठवडे द्या. त्यानंतरही तिथेच लागत असतील, तर चिकटपट्टी काढा आणि नव्याने मोजा.